एका फुटाला एक इंच

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माझा छंद’ या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. स्टेजवर उभे राहून बोलणे हे माझे काम नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळा सातवीलाच संपत होती. पुढची शाळा पाच किलोमीटरवर, वाटेत ओढा, आणि पाठीवर दोन धाकटी भावंडे. तेव्हा दप्तर फळीवर गेले ते गेलेच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही नुसते तुमचे काम सांगा. काम करणाऱ्या बाईला बोलायला वेगळे शिकावे लागत नाही.” म्हणून धीर करून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

समोरच्या टेबलावर जे मांडले आहे ते आपण सर्वांनी येताना पाहिलेच असेल. चहाच्या बशीत मावेल एवढे केळीचे पान, त्यावर पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, कुरडई, लिंबाची फोड आणि मीठसुद्धा. एका ताईंनी मघाशी विचारले, “हे खायचे आहे का हो?” नाही बरे! यातले काहीही तोंडात घालू नये, आणि अंगावर पिणारे किंवा रांगते मूल यापासून चार हात लांब ठेवावे. लहानसा मोदक मुलाच्या घशात अडकायला वेळ लागत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे गोष्टीच्या नादात राहून जाईल.

या कामाला सुरुवात कशी झाली ते सांगते. आपण सगळ्याच लहानपणी भातुकली खेळलो. करवंटीत वाळूचा भात, पानाची पोळी, विटेच्या भुग्याचे तिखट. पुढे लग्नात रुखवत मांडले जाते, त्यातही छोटी भांडी, छोटा संसार असतोच. म्हणजे लहान वस्तूंचे वेड आपल्या बायकांना नवे नाही. सावंतवाडीची लाकडी फळे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी शोकेसमध्ये ठेवली आहेत. सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरलीने मोबाईलवर मला एका परदेशी बाईचे काम दाखवले. ती बाई नखाएवढा पाव करीत होती. मी ते तीन वेळा पाहिले आणि मनात म्हटले, हिला पाव येतो, मला भाकरी का येऊ नये?

मग मुलीने मला आणखी वाचून दाखवले. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या वर्षांत एक बाहुलीघर बांधले. ते अजून विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येते, लिफ्टही आहे. त्याचा नकाशा केला लुटियन्स यांनी, ज्यांनी नवी दिल्लीतले राष्ट्रपती भवन बांधले तेच हे. एवढा मोठा मनुष्य आणि बाहुलीचे घर! हॉलंडात ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात पेट्रोनेला ओर्टमन नावाच्या बाईचे बाहुलीघर आहे, तिने ते १६८६ पासून पुढे वीसेक वर्षे सजवले. हे ऐकून मला फार आधार वाटला. घरात कोणी “पोरखेळ” म्हटले की मी मनात लुटियन्स साहेबांचे नाव घेत असे.

आता काम सांगते.

या कामाचे पहिले सूत्र म्हणजे माप. बाहुलीघराचे पुष्कळसे काम एकास बारा या प्रमाणात होते. म्हणजे खऱ्या वस्तूच्या एका फुटाला आपला एक इंच. फुटात इंच बारा, त्यामुळे हिशेब सोपा जातो. शाळेत आम्हाला त्रैराशिक शिकवले होते. तेव्हा मी विचारीत असे, हे संसारात कुठे लागणार? आता रोज लागते. पुरणपोळी आठ इंचांची असेल तर आपली होते दोन-तृतीयांश इंच, म्हणजे सतरा मिलिमीटर. चकली तीन इंचांची, तर आपली पाव इंच. उकडीचा मोदक दोन इंचांचा, आपला चार मिलिमीटर, आणि त्याला पाकळ्या तर पाडायच्याच! हे माप एकदा बिघडले की काम कितीही सुबक असो, डोळ्याला खोटे दिसते. पाटापेक्षा पोळी मोठी झाली तर कोणाही बाईला चटकन कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे माती. हिला पॉलिमर क्ले म्हणतात, पण ती माती नव्हे. आपल्या नळाचे पाइप ज्या पीव्हीसी प्लास्टिकचे असतात, त्याची बारीक पूड, ती मऊ राहावी म्हणून घातलेला तेलासारखा पदार्थ आणि रंग, एवढे त्यात असते. ही हवेने वाळत नाही. नीट गुंडाळून ठेवली तर महिनोन्‌महिने मऊ राहते. भट्टीत ठरलेली उष्णता लागली म्हणजे मगच घट्ट होते. या मातीचे मूळ जर्मनीतल्या एका बाहुल्या करणाऱ्या बाईच्या घरात आहे. केटे क्रूझे हे त्या बाईंचे नाव. त्यांच्या मुलीला घरात फिफी म्हणत. तिने हा पदार्थ रंगवून, मळून विकायला काढला. १९६४ साली एका पेन्सिलीच्या कंपनीने तो घेतला आणि पुढे ‘फिमो’ या नावाने तो जगभर गेला. म्हणजे पाहा, मायलेकींच्या खटपटीतून आलेली वस्तू आहे ही.

माती आधी कणकेसारखी मळावी लागते. हाताच्या उबेने ती सैल होते. थंडीत जड जाते, उन्हाळ्यात फार चिकट होते, मग थोडा वेळ फ्रिजच्या थंडाव्यात ठेवते, पण बंद डब्यात. पोळीसाठी पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि कणभर तपकिरी मिसळते. पोळी लाटली की तिच्यावर जुना दात घासायचा ब्रश हलके टेकवायचा, म्हणजे पिठाचा खरखरीतपणा येतो. मग चित्रकलेच्या खडूची तपकिरी पूड करून मऊ कुंचल्याने जागोजाग लावायची, म्हणजे तव्यावरचे डाग उठतात. हे भाजण्याआधी करायचे. चकलीला सुई काढलेली सिरिंज वापरते. भातासाठी त्याच सिरिंजमधून बारीक धागा काढायचा, भाजायचा आणि पात्याने तांदळाएवढा नव्हे, तांदळाच्याही दहाव्या हिश्शाएवढा चिरायचा. मूदभर भाताला मला एक दुपार लागते. खरा भात वीस मिनिटांत होतो, असे आमचे हे मला नेहमी सांगतात.

भट्टीचे मात्र नीट ऐका. आपला छोटा ओव्हन चालतो, पण मातीच्या पाकिटावर जेवढे अंश लिहिले असतील तेवढेच ठेवायचे. बहुतेक मातींना एकशेदहा ते एकशेतीस अंशांच्या आत काम होते. मी पहिल्यांदा ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवला. बटण सांगत होते एकशेतीस, आत होते त्याहून पुष्कळ अधिक. अर्धा डझन चकल्या कोळसा झाल्या आणि असा उग्र धूर झाला की डोळे उघडवेनात. ही माती जळली म्हणजे तिचा धूर विषारी असतो, छातीला आणि डोळ्यांना लागतो. मी ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलांना बाहेर काढले. त्यानंतर आत ठेवायचा वेगळा तापमापक आणला. आणि दुसरे, या कामाचा ओव्हन, ताटली, लाटणे, सुरी सगळे निराळे. ते पुन्हा स्वयंपाकात आणायचे नाही. मी जुन्या बाजारातून अठराशे रुपयांना हा ओव्हन घेतला, तो याच कामाला वाहिलेला आहे.

आता रेझिन. आमटी, ताक, तूप, पन्हे, घागरीतले पाणी, जे जे पातळ ते रेझिनचे. दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा पदार्थ. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले म्हणजे आपोआप गरम होऊन हळूहळू घट्ट होतात. साधारण एक दिवस लागतो. हळू ढवळायचे, नाहीतर बुडबुडे येतात. कडेचे आणि तळाचे खरवडून घ्यायचे, नाहीतर तेवढेच कच्चे राहते. पावसाळ्यात दमट हवेने वर धूसर साय येते. आमटीसाठी थेंबभर रंग, डाळीसाठी पिवळ्या मातीचा कीस, कोथिंबिरीसाठी हिरव्या मातीचा कीस. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची. पहिल्या वर्षी मी म्हटले, हातमोज्याने काय काम होते? उघड्या हाताने केले. बोटांच्या बेचक्यांत असा पुरळ उठला की आठ दिवस भांडी घासता आली नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे एकदा अंगाला लागले की पुन्हा पुन्हा उठते. आता मोज्यांशिवाय मी बाटलीला हात लावीत नाही, आणि घरात कोणी गरोदर असेल तर बाटली उघडत नाही.

येथवर सगळ्या जणी ऐकतात. पुढची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. पण आज वर्धापनदिन आहे, आणि आपण एकमेकींच्या आहोत, म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात आपल्याच गावातल्या एका लग्नाचे रुखवताचे काम माझ्याकडे आले. एकवीस पानांची पंगत करायची होती. पानामागे दोनशे रुपये ठरले, म्हणजे बेचाळीसशे रुपये. एवढे मोठे काम मला प्रथमच मिळत होते. मी घरात सांगितले, या पैशांतून थोरलीच्या पुढच्या वर्गाची पुस्तके येतील. दीड महिना रात्री बसून पाने, पोळ्या, भात, भाज्या केल्या. शेवटी वाट्यांत वरण, आमटी आणि खीर ओतायची राहिली. जुनी बाटली संपली होती, म्हणून नवी मागवली. ती निराळ्या कंपनीची आली. लेबल सगळे इंग्रजी.

भगिनींनो, मला इंग्रजी अक्षरे ओळखता येतात. दुकानाची पाटी, बसचे नाव मी वाचते. पण बारीक अक्षरातले लेबल मला लागत नाही. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करीत होती. उठून विचारायला दोन मिनिटे लागली असती. मी विचारले नाही. का विचारले नाही? तर आईला एवढेही वाचता येत नाही, हे लेकीच्या डोळ्यांत दिसू नये म्हणून. आदल्याच आठवड्यात मी तिला ऐटीत म्हटले होते की आता या कामातले मला सगळे समजते. जुन्या बाटलीचे प्रमाण एकास एक होते. मी नव्याचेही एकास एक केले आणि त्रेसष्ट वाट्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी बोट लावले, चिकट. वाटले, उद्या होईल. उद्याही चिकट. उन्हात ठेवले, पंख्याखाली ठेवले. देवापुढे दिवासुद्धा लावला. लग्न शुक्रवारी होते. गुरुवारी मी ते तसेच नेऊन दिले. म्हटले, कोण हात लावतो आहे? पण मांडवातली उष्णता, येणाऱ्याजाणाऱ्यांची धूळ, मुलांची बोटे. दुपारपर्यंत आमटी पानावरून खाली टेबलाच्या पांढऱ्या चादरीवर ओघळली. नवरीच्या मावशीच्या पदराचे धागे खिरीला चिकटले. नवरीच्या आईने येऊन पाहिले आणि एक रुमाल आणून पंगतीवर झाकला. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

घरी आल्यावर मुलीने बाटली हातात घेतली आणि वाचले. “आई, हे दोनास एक आहे गं. दोन भाग रेझिन, एक भाग दुसरे.” एवढेच. प्रमाण चुकले की हे रेझिन किती दिवस ठेवले तरी पक्के होत नाही. मी त्रैराशिकाचा अभिमान सांगणारी बाई, आणि माझे प्रमाण चुकले! हिशेब येत नव्हता असे नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून चुकले. मुलगी म्हणाली, “मला का नाही हाक मारलीस?” तिच्या डोळ्यांत मला जे दिसेल म्हणून भ्याले होते, ते नव्हतेच. ती रडत होती, कारण मी दीड महिना जागले होते ते तिने पाहिले होते.

मी त्या बाईंचे सगळे पैसे परत केले. आमच्या ह्यांनी त्यासाठी आपल्या पगारातून उचल घेतली, आणि मला एक शब्द लावून बोलले नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे आषाढात मी एकवीस पाने पुन्हा केली आणि श्रावणात त्या मुलीच्या पहिल्या मंगळागौरीला नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. नवरीच्या आईने पाने पाहिली, वाटीतल्या आमटीवर बोट टेकवून पाहिले आणि हसली. नंतर आलेली तीन कामे त्यांच्याच शब्दाने आली आहेत.

आता आमच्या आत्याबाईंचे सांगते आणि आपले बोलणे पुरे करते.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. माझ्या या कामाकडे त्या कधी पाहत नसत. “संसार मांडला खरा, आता पुन्हा भातुकली मांडलीय,” असे म्हणत आणि माळ ओढीत बसत. मागच्या वर्षी मी जुन्या पद्धतीचे एक स्वयंपाकघर करायला घेतले. चूल केली, उतरंड केली, भिंतीला शिंके टांगले. आत्याबाई पाणी प्यायला उठल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, “चुलीला वैल कुठंय?” मी म्हटले, वैल कसा असतो ते मी नीट पाहिले नाही. त्या खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षे खाली न बसलेली बाई!

त्यांचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. धरण होत होते, गावे उठत होती. आत्याबाई तेव्हा बारा वर्षांच्या. त्या खोऱ्यातली माणसे कोणी सातारा जिल्ह्यात, कोणी सांगलीकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी खाली कोकणात अशी पांगली. आपल्या प्रीतिसंगमावर जी कोयना कृष्णेला मिळते, ती आपण रोज पाहतो. कोयनेच्या पाण्यावर वीज होते हेही मी शाळेत शिकले होते, आणि माझी ही छोटी भट्टी विजेवरच चालते. पण त्या पाण्याखाली आमच्या आत्याबाईंची चूल आहे, हे लग्नाला वीस वर्षे होऊन गेली तरी मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून रोज दुपारी त्या बसू लागल्या. माप विचारले की वीत टाकून दाखवीत. वीत म्हणजे नऊ इंच धरले, तर आपले पाऊण इंच. हात म्हणजे दीड फूट, तर आपला दीड इंच. “काथवट दोन विती.” म्हणजे दीड इंच. “दाराची उंची माझ्या बापाला वाकून यावं लागायचं.” म्हणजे पाच फूट धरले, पाच इंच. कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, चुलीवर माच आणि माचावर पावसाळ्याची वाळायला टाकलेली लाकडे, कोपऱ्यात नाचणीची कणगी, दाराशी इरले. नाचणीच्या भाकरीचा रंग मी चार वेळा केला. चार वेळा त्या म्हणाल्या, “अजून काळी.” पाचव्या वेळी काही बोलल्या नाहीत, नुसती ती भाकरी तळहातावर घेऊन बसल्या.

एक दिवस म्हणाल्या, “जातं कर.” मी जाते केले, खाली-वर दोन तळ्या, लाकडी खुंटा. तेव्हा सांगितले की निघायच्या दिवशी गाडीत जागा नव्हती, जाते जड म्हणून तसेच राहिले. त्यांच्या आईने सकाळी उठून रोजच्यासारखी चूल सारवली, जमीन सारवली, जात्याला हळदकुंकू लावले आणि मग दार ओढून घेतले. शेजारीण म्हणाली होती, “आता सारवून काय करतीस गं, पाणी येणार.” त्यावर आई म्हणाली, “पाणी आलं तरी घर पारोसं नको.”

मी त्या घरात दाराजवळ तांब्याची घागर ठेवली होती. आता मला रेझिन चांगले साधले आहे. दोनास एक, एकास एक, सगळे विचारून करते. म्हटले, घागरीत काठोकाठ पाणी भरू, उजेड पडला की चमकेल. मोजे चढवले, बाटली घेतली. आत्याबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “पाणी नको घालूस. त्या घराला पाणी लई झालं.”

ती घागर रिकामी आहे. टेबलाच्या डाव्या कडेला ते घर ठेवले आहे, आपण जाताना पाहावे. आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कोणाला चुलीचे काही विचारायचे असेल तर त्यांना विचारावे, मला नव्हे.

भगिनींनो, माझे मंडळाला तीन गोष्टींचे मागणे आहे.

पहिले असे की, मंडळात एक वही ठेवावी. कोणाच्याही घरात इंग्रजी लेबलाची वस्तू असेल, औषध असो, खत असो, रंग असो, तिने ती घेऊन यावे आणि आपल्यातल्या शिकलेल्या भगिनींनी ते मराठीत त्या वहीत लिहून द्यावे. विचारणारीला कोणी हसू नये. मी हसण्याला भ्याले, त्याचे बेचाळीसशे रुपये आणि एका मुलीच्या रुखवताची शोभा गेली.

दुसरे, दर शनिवारी दुपारी तीन वाजता मी हे काम शिकवीन, फी नाही. सुरुवातीला महाग माती नको, ओव्हनही नको. एक वाटी कॉर्नफ्लॉवर, एक वाटी फेव्हिकॉल, चमचाभर तेल, थोडा लिंबाचा रस, हे जुन्या कढईत मंद आचेवर कडा सोडीपर्यंत हलवायचे आणि निवल्यावर मळायचे. हवेने एकदोन दिवसांत वाळते, थोडे आटते, म्हणून वस्तू किंचित मोठी करायची. पॉलिमर क्लेच्या एका पाकिटाला मला अडीचशे रुपये पडतात. हात बसल्यावर मगच ते आणावे. यातून कोणी श्रीमंत होईल असे मी सांगणार नाही. मला महिन्याला कधी हजार सुटतात, कधी काहीच सुटत नाही. पण ते हजार माझे असतात.

तिसरे, आपल्या प्रत्येकीच्या घरात किंवा शेजारी एखादी म्हातारी बाई आहे. तिला तिच्या माहेरच्या स्वयंपाकघराचे माप विचारा. चूल कुठे होती, तोंड कुठल्या दिशेला होते, पाण्याची जागा कोणती, जाते कोणत्या कोपऱ्यात. विती मोजून घ्या आणि लिहून ठेवा. बाहुलीघर करा वा करू नका, पण विचारा. मी वीस वर्षे विचारले नाही.

  चहा झाल्यावर टेबलाशी या, पण मुलांना कडेवर घेऊन या.